डोक्यावरची चिन्हं

तक्त्यातला तो निकष मीच लिहिला, त्यामुळे कोणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय उरलेली नाही.

आमचं खातं नियोजनाचं. पूर्वी वर्षअखेरीला आम्ही सांगायचो की प्रौढांसाठी बारा साक्षरता वर्ग चालवले, इतक्या पाट्या वाटल्या. मग नवे साहेब आले. त्यांना आम्ही पाठीमागे मोजपट्टी म्हणतो. ते म्हणाले, "पाट्या वाटल्यात हे मला नका सांगू, त्याने काय बदललं ते सांगा. आणि मोजता येईल तेच लिहा. पुढचा निधी त्यावरच मिळेल."

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. मी लिहिलं, 'वाचता येणाऱ्यांची संख्या'. साहेबांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला. किती वाचलं म्हणजे वाचता आलं? बारा वस्त्यांत परीक्षा कोण घेणार? दुपारचे अडीच वाजले होते, माझा डबा उघडायचा राहिला होता. मी ते खोडून लिहिलं, 'सही करता येणाऱ्यांची संख्या'. सही मोजता येते. साहेब म्हणाले, "शाब्बास." त्या शाब्बासकीवर मी आठवडाभर हवेत होतो.

मग त्या बारांतल्या आमच्या वस्तीच्या वर्गात माझ्या आईने नाव घातलं.

आई तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात होती. बाटली समोर आली की तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची, एवढंच काम. काम सोडताना तिने त्यातली एक चिठ्ठी घरी आणली आणि कपाटाच्या दाराला आतून लावली. "जन्मभर काय चिकटवलं ते एकदा स्वतः वाचायचंय. तू सांगायचं नाहीस," असा मला दमच दिला. शिकवून मी पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी 'घ' आणि 'ध'वरून मी तिच्यावर ओरडलो आणि तिने पाटी उलटी ठेवली. "तुझी हुशारी ऑफिसात ठेव. मी बाईंकडे शिकेन."

वर्गाच्या बाईंनी माझ्या निकषाला जागून आधी सगळ्यांना सहीच शिकवली. महिनोन्महिने नुसती सही. अक्षरांना सुरुवात झाली तेव्हा वर्ष सरत आलं होतं. आईला आता साधी अक्षरं येतात, काना येतो. बसची पाटी बघून ती अर्धीमुर्धी ओळखते आणि माझ्याकडे अशी बघते की बस तिनेच बनवलीय.

सोमवारी साहेबांनी त्या वर्गाचा पडताळणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. उद्दिष्ट चाळीस सह्यांचं, झालेल्या एकोणचाळीस. तपासणीच्या दिवशी आईचा गुडघा धरला होता, ती गेलीच नव्हती.

"राहिलेली तुमच्याच घरची ना?" साहेब म्हणाले. "आजच आणा."

मी धीर केला. "साहेब, सही येते त्यांना, पण वाचता येत नाही अजून. हा वर्ग आणखी एक वर्ष हवा."

"तुमच्या निकषात वाचणं कुठंय?"

मी समोरचा कागद उगाच सरळ केला.

"चाळीस झाल्या की उद्दिष्ट साध्य. म्हणजे गरज संपली. बाईंना दुसऱ्या वस्तीला पाठवू."

"आणि एक कमी पडली तर?"

"तर योजना फसली. निधी बाराही वर्गांचा एकच; मग हा वर्ग तर जाईलच, बाकीचे अर्ध्यावर असलेले अकराही जातील. मी वर काय तोंड दाखवू?"

ते रागावले नव्हते, आणि त्यांच्या जागी मीही हेच बोललो असतो. दोन्ही दारांना कुलूप होतं आणि ती कुलपं मीच घडवली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

अर्धी रजा टाकून मी घरी आलो. आई खिडकीपाशी पाटी घेऊन बसली होती.

"एक सही हवीय," मी कागदावर बोट ठेवलं. "इथे."

तिने चष्मा पदराने पुसला आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. हे मी धरलंच नव्हतं. जन्मभर सांगतील तिथे अंगठा उठवलेली बाई, आता आधी वाचायला बसली. वर मोठ्या ठशात लिहिलं होतं, 'उद्दिष्ट साध्य. वर्ग बंद.' पहिल्या दोन शब्दांना तिचं बोट वळसा घालून गेलं आणि पुढच्यावर थांबलं.

"वग," ती म्हणाली. मग बराच वेळ घेऊन, "बद. वग बद? हे काय रे?"

तिने स्वतःहून वाचलेला पहिला कागद तो, आणि एक रफार नि एक अनुस्वार एवढंच मध्ये होतं. सांगितलं असतं तर तिने पेन खाली ठेवलं असतं. मग अकरा वस्त्यांतल्या कुणाकुणाच्या आयांचं मी काय करणार होतो?

"ऑफिसातले शब्द आहेत, आई."

"तरीच."

तिने पेन घट्ट धरलं. जीभ दातांत पकडून चार अक्षरं काढली आणि वर सरळ रेघ ओढली. सही सुरेख होती. चाळीस झाल्या.

कागद परत देताना तिने त्या दोन शब्दांवर पुन्हा बोट टेकवलं. "डोक्यावरची टिंबं आणि आकड्या बाई पुढच्या आठवड्यात घेणारेत. मग हा कागद परत आण. नीट वाचून दाखवते तुला."