ताटलीतली खीर

मी बोलतोय, प्राण्यांच्या जुन्या ग्रीक गोष्टींचं मराठी पुस्तक. छापला गेलो पुण्यात, पण गेली बेचाळीस वर्षं मुक्काम जर्मनीत, ब्योब्लिंगेनला. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य सांगायची मला खोड. जगाला शहाणं करायला निघालो, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय ते मात्र वेळेवर कळलं नाही.

कुंदाताईंनी मला लग्नानंतर साड्यांच्या घड्यांत घालून इथे आणलं. मुलगा झाला, मिलन. त्याला माझ्यातून वाचून दाखवायच्या. पण बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घरी जर्मनच बोला, नाहीतर पोरगा मागे पडेल. झालं! कुंदाताईंची नजर माझ्यावर आणि तोंडात जर्मन. पुढे नात दिया झाली, तिलाही तसंच. माझी अक्षरं म्हणजे चित्राखालची नक्षी, असंच तिला वाटायचं. मला मेल्याला तेव्हा त्याचं हसू यायचं.

मग कुंदाताईंना स्मृतिभ्रंश झाला. सगळ्यात आधी गेली ती जर्मन. आता त्या आल्टेनहाइममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात असतात आणि फक्त मराठी बोलतात. अक्षरंही त्यांना आता ओळखू येत नाहीत. मिलनचं मराठी ‘आई, जेवलीस का?’च्या पुढे जात नाही. दिवसदिवस त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

काल दिया आली. सोळा वर्षांची गुणी पोर. तिने मला आजीच्या मांडीवर उघडलं.

“वाच गं,” कुंदाताई म्हणाल्या. “कोल्हा नि करकोचा.”

इथे येऊन येऊन दियाला आजीचं मराठी थोडंफार समजतं, बोलता येत नाही. तिने चित्र पाहिलं आणि पाठ असलेली गोष्ट सांगितली, आजीच्याच शब्दांत, जर्मनमध्ये. कोल्ह्याने पसरट ताटलीत खीर वाढली, लांब चोचीचा करकोचा उपाशी गेला. मग करकोच्याने सुरईत वाढली, कोल्हा उपाशी गेला. आवाजाचा चढउतारसुद्धा आजीचाच होता हो!

“श्टिम्ट्स, आजी?” बरोबर ना, असं तिने विचारलं.

कुंदाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. “काय बोलते ही? कुणाची गं बाई तू? अहो, माझ्या दियाला बोलवा ना कुणीतरी. तिला माझ्या गोष्टी फार आवडतात.”

तेवढं मात्र दियाला सगळं समजलं. मला तसंच उघडं टाकून ती बाहेर गेली. दाराबाहेर तिचं रडणं मला ऐकू येत होतं.

माझ्या गोष्टीतले दोघं लबाड होते, म्हणून उपाशी राहिले. इथे लबाड कोण होतं? दोघींनी जीव ओतून वाढलं, आणि दोघी उपाशीच उठल्या. याच्याखाली काय तात्पर्य छापू?

नंतर कुणीतरी मला खिडकीशी ठेवलं, तिथे उघडाच पडलोय मी. मराठी वाचणारं इथे कुणी येणार नाही, ठाऊक आहे मला. तरी चुकून आलातच, तर तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताची खोली. एक गोष्ट वाचा हो त्यांना. तात्पर्य गाळलंत तरी चालेल.