दोनशे बैठकांचा शेक

मित्रांनो, न्हाणीघराच्या दाराजवळ खुंटीला उलटी टांगलेली तांबड्या रबराची जी पिशवी दिसते, ती मी. शेकायची पिशवी. वय झालंय माझं, आणि स्वभाव आधीपासूनच वाईट आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर चमच्याकडे जा.

कारखान्यात मला गरम साच्यात दाबलं, कडा कापल्या, आत हवा भरून पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही म्हणून पास झाले. औषधांच्या दुकानातून मला मावशीने आणलं. मावशी म्हणजे या घरची कर्ती बाई. दवाखान्यात कामाला आहे आणि तिथे सगळे तिला मावशीच म्हणतात. तिच्या लेकीचं पोट दुखलं, मी होते. तिची स्वतःची कंबर धरली, मी होते. "ही नसती तर मी मेलेच असते," असं ती शेजारणीला सांगायची. तेव्हा मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण मग ते एकवीस दिवस आले.

मावशी अकरा वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसून होती. तिथे यंत्र बसवलं आणि दवाखान्याला माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराने तिला सांगितलं, "आता वॉर्डात जायचं. लिफ्ट बंद पडली की स्ट्रेचर जिन्याने न्यावं लागतं. एकवीस दिवसांनी परीक्षा. वाळूच्या पिशव्या ठेवलेलं स्ट्रेचर दुसऱ्या मजल्यापर्यंत न्यायचं. जमलं तर नोकरी, नाहीतर घर."

अकरा वर्षं खुर्चीत बसलेली बाई. जिना चढताना धापा टाकायची. घरात मिळवती ती एकटीच.

ही बातमी ऐकून तिचा थोरला भाऊ हजर झाला. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कधी काळी एक कुस्ती जिंकला होता, तीही समोरच्याचा पाय मुरगळला म्हणून. पण मिशी अशी, जणू आख्खा आखाडा हाच चालवतो!

"दोनशे बैठका!" तो म्हणाला. "आजपासून."

"दादा, अरे मला दहा तरी जमतील का?"

"रडतेस काय? दुखलं म्हणजे लागू पडलं. नाही दुखलं तर व्यायाम कसला, ती सहल!"

तिने दोनशे काढल्या. थांबत, भिंत धरत, रडत. हा खुर्चीत बसून आकडे मोजत होता. दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठवेना. न्हाणीघरात बसायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं ये गं, मला उठव!" लेक हसत धावली. पैलवानही हसला. "बघ, कसं लागू पडलंय!"

मग मला ओढून काढलं. लेकीने उकळतं पाणी भरलं. उकळतं! माझ्या अंगावर ठळक अक्षरांत लिहिलंय की उकळतं भरू नका, पण वाचायची सवय कुणाला? मावशीची मांडी भाजली आणि माझी शिवण उलता उलता राहिली. वरून पैलवान म्हणतो, "शेकून घे आणि परत दोनशे. दुखतं तिथेच मारायचं, म्हणजे दुखणं पळून जातं."

मला तोंड होतं, पण बूच लावलेलं. मी त्याला सांगितलं असतं, गाढवा, स्नायू काय चोर आहे मारून पळवायला? माझ्या उबेने तासभर बरं वाटतं, बस्स. दुखणं दोन-तीन दिवस राहतं आणि आपल्या पायाने जातं. तेवढ्यात जरा चालावं, हात-पाय हलवावेत, पण त्याच स्नायूंना पुन्हा धोपटू नये.

तिने पुन्हा दोनशे काढल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या. मावशी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरून. लेकीला म्हणाली, "लघवी काळ्या चहासारखी होतेय गं. उष्णता असेल."

"लिंबूपाणी पी," पैलवान म्हणाला.

नशीब, लेकीने त्याचं ऐकलं नाही. रिक्षा बोलावून तिला तिच्याच दवाखान्यात नेलं. चार दिवस सलाइन. लेक घरी येऊन मामाला बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलं, कान नसताना.

"स्नायू फाटून रक्तात मिसळलेत तिचे. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर मूत्रपिंड गेलं असतं. आणि तुम्ही लिंबूपाणी सांगता?"

"आमच्या वेळी असं काही नव्हतं."

"तुमच्या वेळी दोनशे बैठका तुम्ही काढल्या होत्या का? खरं सांगा."

पैलवानाने मिशीला हात लावला आणि तो चप्पल शोधायला गेला.

परीक्षेच्या दिवशी मावशीला जिना चढायलाही परवानगी नव्हती. कंत्राटदार म्हणाला, "तारीख म्हणजे तारीख." नोकरी गेली. चार महिने ती बसून करता येतील अशी शिवणाची कामं धरून राहिली. घरात भाजी निम्मी झाली, लेकीची शिकवणी बंद झाली. हे सगळं कुणाच्या मिशीपायी, ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिने पुन्हा सुरुवात केली. दहा बैठका. एक दिवस सोडून. मधल्या दिवशी गल्लीला दोन फेऱ्या. दुखलं की थोडं कमी, बरं वाटलं की दोन जास्त. लेक कोमट पाणी भरायला आली तर म्हणायची, "राहू दे, एवढं काही नाही." पैलवान एकदा येऊन म्हणाला, "दहा? एवढ्याने काय होणार?"

"दादा, तू बस. चहा पी. आकडे मी मोजते."

पुढच्या भरतीत वाळूचं स्ट्रेचर धरून ती दुसऱ्या मजल्यावर पोचली. तिच्या जोडीला होता पंचविशीतला एक गडी. वर पोचून तोच भिंतीला टेकला. घरी येऊन तिने चप्पल काढली, पाय पसरले आणि म्हणाली, "दुखतायत, पण माझे आहेत."

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी रडतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी उलटं सांगते. मला विसरा. माझ्या रबराला तडे जाऊ देत, माझं बूच हरवू दे. पहिल्या दिवशी दहावर थांबणाऱ्याला माझी गरज पडत नाही. आणि खुर्चीत बसून दुसऱ्याचे दोनशे मोजणारा कुणी भेटलाच, तर त्याला आधी उठवा आणि म्हणा, तू काढ.