एका रामापुरतं बटण

"अक्का, बटण दाबायचं, एकदा 'राम' म्हणायचं आणि सोडायचं. एकदाच."

"एकदाच? देवाच्या नावाला एवढी काटकसर कशाला रे, गुंडो?"

"अय्यो, देवाला नाही गं, कंप्रेसरला!"

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीत, गुंडो वायरमन आणि त्याची विधवा थोरली बहीण अनुसूयाअक्का यांच्या घरी सकाळपासून हा पाठ चालला होता. कँटोन्मेंटातल्या कुणा साहेबाचा जुना फ्रिज गुंडोनं लिलावात उचलला होता. असला जड, की संपिगे रोडच्या चढावर गाडी ओढणारा जटक्याचा घोडा चक्क खाली बसला. गुंडोनं अर्धा शेर चणे चारले, चार स्तोत्रं ऐकवली, तेव्हा कुठे उठला. फ्रिज धडधाकट होता, आतला गॅसही शाबूत. पण मागच्या काळ्या हंड्याची, म्हणजे कंप्रेसरची, विजेची डबी कुणीतरी आधीच उपटून नेलेली. उघडे तीन खिळे तेवढे राहिले होते. कुठला कशाचा, देव जाणे.

गुंडोनं ओळखीतून मीटर आणला, दोन-दोन खिळे धरून मोजले, आणि आदल्या संध्याकाळी अक्काला समजावून सांगितलं, "हे बघ, हा खिळा म्हणजे सासू. दोघींशी संबंध हिचाच. ही थोरली सून, दिवसभर राबणारी. आणि ही धाकटी. ही नुसता सुरुवातीचा धक्का द्यायला येते आणि लगेच माहेरी जाते. राहिली तर घर पेटतं."

"माझ्या सासरी उलटं होतं," अक्का म्हणाली. "धाकटी राहिली आणि मी पेटले."

धाकटीला वेळेवर माहेरी धाडणारा रिले त्या हरवलेल्या डबीत होता. तो बंगळुरात मिळेना, मुंबईहून मागवायचा तर महिना लागणार, आणि रामनवमी आठ दिवसांवर. म्हणून त्याच्या जागी गुंडोनं दारावरच्या घंटीचं बटण भिंतीवर लावलं. आधी स्विच, मग बटण, एक राम, सोडा. हंडा घुर्र करून चालू. कोमट झालेल्या ताकाचा दुसऱ्या दिवशी असा बर्फ झाला, की अक्कानं तो उलथन्यानं फोडून वाढला आणि जेवणाऱ्यांचे दात संध्याकाळपर्यंत वाजत होते.

हे शेजारच्या कृष्णमूर्तींच्या कानावर गेलं. राजाजीनगरात त्यांचं नवं घर उठत होतं. कपाळावर गंध, तोंडात कायम शंका.

"एन गुंडण्णा, चोवीस वर्षं तुझं काम बघतोय. पंखा लावलास तर दिवा जातो, दिवा लावलास तर मी जातो. पण बघू या. रामनवमीला अख्ख्या क्रॉसला गार पानक पाज. पाजलंस, तर माझ्या घराचं वायरिंग तुझं. दोन मजले!"

"सरी, ठरलं," गुंडो म्हणाला. अख्खं घर एकहाती करायला त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं. त्या रात्री झोपेतसुद्धा तो भिंतीवर पट्ट्या ठोकत होता.

रामनवमीला अक्का पहाटे उठली, न्हाली, सोवळं नेसली. गूळ, लिंबू, वेलची, मिरी घालून घागरभर पानक केलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. गुंडो स्वच्छ धोतर नेसून देवळात मांडव बघायला गेला. सात वाजता वीज गेली. सव्वासातला आली.

अक्का घाबरली नाही. पाठ तोंडपाठ होता. आधी स्विच. बटणाला सोवळ्यात हात कसा लावायचा, म्हणून लाकडी डावाच्या दांड्यानं दाबलं आणि म्हणाली, "राम."

मग तिला कसंसंच झालं. वर्षाचे बाकीचे दिवस ठीक आहे. पण आज त्याचा जन्म, आणि आज एकच? ती देवाच्या माणसाला शोभेल असं नीट मांडी घालून बसली, डाव तसाच दाबून धरला, आणि जपमाळ काढली. एकशेआठ.

गुंडो परतला तेव्हा तो काळा हंडा असा तापला होता, की वरून कुणी फोडणी टाकली असती तर मोहरी तडतडली असती. घंटीचं बटण मेणासारखं वितळून भिंतीवरून ओघळलं होतं. अक्का डोळे मिटून शहाण्णवाव्या मण्यावर.

त्यानं स्विच पाडला. गार होईपर्यंत वाट बघितली, मीटर लावला. धाकटीच्या खिळ्यावर काटा जागचा हलला नाही. धाकटी जळून गेली होती.

"काय रे? घुर्र करत नाही ते?"

गुंडोनं तिच्याकडे बघितलं. हातात माळ, चेहरा असा की आत्ताच पाळणा हलवून आलीय.

"नाही गं. होईल," तो म्हणाला.

बारा वाजता जन्म झाला, घंटा वाजल्या, क्रॉसभर रांग लागली. पहिला पेला कृष्णमूर्तींचा. त्यांनी घोट घेतला, ओठ चाटले.

"गुंडण्णा, हे पानक की गरम कषाय, काढा?"

रांगेत हशा पिकला. अक्का पुढे झाली. "अहो, सकाळपर्यंत चांगलं चालत होतं. मी स्वतः बटण..."

"माझंच चुकलं," गुंडो मोठ्यानं म्हणाला. "वायर उलटी जोडली मी."

"तेच म्हटलं," कृष्णमूर्ती म्हणाले. "साकु, पुरे झालं. घराला दुसरा माणूस बघतो."

ते गेल्यावर अक्का हळूच त्याच्याजवळ आली. "गुंडो, खरं सांग. राम एकदाच म्हणायचा होता ना रे?"

"कितीही म्हण गं," तो म्हणाला. "रामाला काय होतंय."

मग त्यानं घागरीला ओलं फडकं गुंडाळलं, कुठूनसा एक ताडाचा पंखा आणला, आणि रांगेतला शेवटचा माणूस पेला ठेवून जाईपर्यंत बंगळुरातला हा वायरमन उन्हात उभा राहून घागरीला वारा घालत होता.