ओकबुन आजीच्या रक्तातलं औषध कुठे गेलं?

मित्रांनो, मी एक पेन आहे, पण माझ्याने कुणी एक अक्षरही गिरवलेलं नाही. माझ्या टोकाला दरवेळी नवी सुई बसवतात. बटण दाबलं की मी बोटाला टोचतो आणि रक्ताचा टपोरा थेंब काढतो. म्हणून ओकबुन आजी मला 'डास' म्हणते.

कोरियातल्या हेनामला, कोबीच्या शेतांना लागून आजीचं घर आहे. तिला संधिवात. बोटं इतकी आखडलेली की बरणीचं झाकण फिरत नसे. दर पंधरवड्याला ती पोटावर औषधाचं इंजेक्शन घेऊ लागली आणि बोटं छान मोकळी झाली. पण काही महिन्यांनी पुन्हा आखडली. औषध रक्तात टिकतंय का, हे डॉक्टरबाईंना बघायचं होतं. पूर्वी त्यासाठी बस बदलत शहर गाठावं लागे. आता मी आलो होतो! थेंब कागदावर टिपायचा, वाळवायचा आणि टपालात टाकायचा. काय माझा तोरा होता म्हणून सांगू!

पहिल्याच निकालाने तो उतरला. डॉक्टरबाईंचा फोन आला. "आजी, रक्तात औषध जवळजवळ नाहीच. इंजेक्शन नीट घेता ना? पुढच्या वेळीही असंच निघालं, तर हे औषध बंद करावं लागेल."

सून सनजू शेजारीच मुळे सोलत होती. "आई, खरं सांगा. टोचायची भीती वाटते म्हणून टाळता ना?"

"टाळते? अगं, तुझ्या नवऱ्याला जन्म दिलाय मी. सुईला भिते होय?"

"मग औषध काय हवेत गेलं?"

आजीने एकही इंजेक्शन चुकवलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे? फार वाईट वाटलं मला.

इंजेक्शनच्या दिवशी आजीने सुनेला मुद्दाम समोर बसवलं. "या फौजदारबाई, आपल्या डोळ्यांनी बघा." किमचीसाठी घरात वेगळा फ्रीज आहे. त्यातून, आंबवलेल्या कोबीच्या डब्यांमागून तिने इंजेक्शन काढलं. सनजूने ते उजेडात धरलं. आत बर्फाची कणी चमकत होती; आजीच्या डोळ्यांना ती कधी दिसलीच नव्हती. खोक्यावर तर स्पष्ट लिहिलं होतं, 'गोठवू नये'; गोठलं की औषध निकामी होतं.

सनजूने खोकं आजीपुढे धरलं. "आई, काही महिन्यांपूर्वी ते मीच तिथे हलवलं. मोठ्या फ्रीजचं दार पोरं सारखी उघडतात. म्हटलं, औषधाला घरातली सगळ्यात थंड जागा द्यावी."

"म्हणजे फौजदारच चोर निघाला," आजी म्हणाली. ती हसत होती, पण डोळे भरले होते.

नवी इंजेक्शनं आली, ती मोठ्या फ्रीजमध्ये गेली. काही आठवड्यांनी पुन्हा माझी पाळी आली. माझी स्प्रिंग नुसती शिवशिवत होती! सनजूने सासूचा हात कोमट पाण्यात धरला, पुसला आणि बटण दाबलं. लालबुंद थेंब कागदावर उतरला. त्यानंतर फोन वाजला की दोघीही हातातलं काम टाकून धावत.

शेवटी डॉक्टरबाईंचा फोन आला. तो सनजूने घेतला. "औषध पुरेसं आहे, चालू ठेवू," त्या म्हणाल्या. "यावेळी आजींनी नीट घेतलेलं दिसतंय."

"त्या पहिल्यापासून नीटच घेत होत्या, डॉक्टरबाई," सनजू म्हणाली. "चूक माझी होती." आजी शेजारीच उभी राहून ऐकत होती.

मित्रांनो, माझी सुई दरवेळी नवी घ्या, औषधाच्या खोक्यावरचं नीट वाचा. आणि एक ध्यानात ठेवा. रक्तात औषध नाही एवढंच माझ्या थेंबातून कळतं. ते का नाही, हे घरच्या माणसालाच मायेने विचारावं लागतं.