फळी सोडतेय हं!

मित्रांनो, खिडकीखालच्या टेबलावर कुशीवर निजलेला जो काळपट ठोकळा दिसतो ना, तो मी. मी एक जुना रंधा आहे. आळसाने लोळतो आहे असे समजू नका. रंधा सरळ ठेवला तर त्याचे पाते टेबलाला टेकून बोथट होते, म्हणून जाणता सुतार आम्हाला आडवे ठेवतो.

मला घडवले ते माझ्या मालकाच्या वडिलांनी. कठीण लाकडाच्या ठोकळ्यात त्यांनी तिरपी खाच कोरली, तिच्यात पोलादी पाते बसवले, वरून पाचर ठोकली आणि मला लेकाच्या हाती दिले. त्या लेकाला पुढे सगळी गल्ली 'मिस्त्री' म्हणू लागली. मग मीही म्हणू लागलो.

काय दिवस होते ते! दारे, पाळणे, शाळेची बाके, सारे आम्ही दोघांनी तासून गुळगुळीत केले. लोक दारावरून तळवा फिरवून म्हणत, "लोणी आहे हो, नुसतं लोणी!" कौतुक मिस्त्रींचे आणि झीज माझी. पण खरे सांगतो, मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

मिस्त्रींचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्या हाताखाली काम करायचा. तोंडाची टकळी अखंड चालू आणि गाणे असे की खिळेही वाकडे व्हावेत. एकदा ते दोघे एका सभागृहाचे छत करत होते. मी खाली पिशवीत होतो. अचानक त्यांच्या पायाखालची परांचीची फळी कडाडून मोडली. मिस्त्रींच्या हाती तुळई लागली, म्हणून ते वाचले. मेहुणा मात्र गेला.

त्यानंतर मिस्त्रींचा हात बदलला, आणि ते सर्वांत आधी मला कळले. वर्कशॉपमध्ये साधी पट्टी पडली तरी ते टेबलाखाली शिरत. अंगाला दरदरून घाम सुटे. दारू प्यायली की तो कडाडणारा आवाज थोडा दूर जाई, म्हणून ते संध्याकाळी पिऊ लागले. मग सकाळीही. कामे तुटली, गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. मला कुणी आडवे ठेवीना की तेलाचे बोट लावीना. माझ्या पात्यावर गंज चढला आणि मी खोक्यात जाऊन पडलो.

बायकोने पदर खोचला आणि त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेले. दारू सोडून मिस्त्री घरी आले तेव्हा सर्वांना वाटले, सुटलो एकदाचे! पण दारूने दाबून ठेवलेली भीती आता दुपटीने वर आली. घरच्यांनी काय करावे? त्यांनी आवाजच बंद केले. बायकोने भांड्यांखाली फडकी घातली, लेक पाय न वाजवता चालू लागली. त्या घरात टाचणी पडली असती, तर तिलाही माफी मागावी लागली असती. इतक्या शांततेत मिस्त्री आणखीच कान टवकारून बसत. मग एक दिवस एक झाकण निसटले. मिस्त्री ताडकन घराबाहेर पडले आणि परतले ते पिऊनच.

नातेवाईक म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच." कुणी म्हणाले, "आधी दारू पक्की सुटू दे, भीतीचं मग बघू." बायकोने कुणाचेच ऐकले नाही. ती त्यांना पुन्हा केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी कामातली एखादी जवळची वस्तू आणायला सांगितली होती, म्हणून फडक्यात गुंडाळून मीही गेलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "भीती आणि दारू या जुळ्या बहिणी आहेत. एकीलाच घराबाहेर काढलं तर दुसरी आतून कडी काढणारच. मागच्या वेळी आम्हीही एकीकडेच बघितलं. आता दोघींवर एकदम काम करू. औषधं, दारू सोडलेल्यांच्या बैठका आणि त्या दिवसाबद्दल बोलणं, सगळं सोबत. आणि घरातले आवाज बंद करू नका. आधी सांगा, मग आवाज करा."

मिस्त्री मला कुरवाळत हळूच म्हणाले, "कामावर आम्ही तसंच करतो. 'फळी सोडतोय हं!' असं ओरडल्याशिवाय वरून काही सोडायचं नाही. त्या दिवशी कुणाला ओरडायला वेळच मिळाला नाही."

त्या दिवसाबद्दल ते प्रथमच बोलत होते. बायकोच्या डोळ्यांना धार लागली. ती म्हणाली, "तुम्ही वाचलात याचा मला कधीच राग नव्हता हो. तुम्ही गप्प बसलात त्याचा होता."

मित्रांनो, त्यानंतर आमच्या घराचा बाजार झाला! "झाकण ठेवतेय हं!" "खुर्ची सरकवतेय हं!" लेकीने तर कहरच केला. "बाबा, मी शिंकतेय हं!" मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे डॉक्टरबाईंच्या सल्ल्याने वर्कशॉपमध्येही फळ्या सोडायच्या ठरल्या. आधी दुरून आणि हळू, मग जवळून. बायको ओरडायची, "फळी सोडतेय हं!" आणि मिस्त्री टेबल घट्ट धरून उभे राहायचे. मधेच एखादा आठवडा फार वाईट जायचा. प्यावेसे वाटले की ते बैठकीतल्या एका सोबत्याला फोन करायचे. माझा गंजही त्यांनी असाच, रोज थोडा थोडा घासून काढला. पहिल्या दिवशी त्यांचा हात कापत होता आणि मी लाकडाला करकचून चावलो. पण आम्ही दोघे पुन्हा कामाला लागलो होतो, याचा मला कोण आनंद झाला!

परवा आम्ही लेकीसाठी अभ्यासाचे टेबल करत होतो. बाहेर टेम्पोतून फळ्या उतरत होत्या आणि अख्खी चळत एकदम कोसळली. कुणी ओरडले नाही, कुणी सांगितले नाही. मी उडून जमिनीवर पडलो आणि मिस्त्री टेबलाखाली गेले. रस्त्याकडचे दार सताड उघडे होते आणि दारूचे दुकान कोपऱ्यावरच होते. बायको धावत आली आणि उंबरठ्यातच थबकली. आता हे बाहेर धावणार, असेच मला वाटले. माझ्या पाचरीचे पाणी पाणी झाले.

टेबलाखालून कापरा आवाज आला, "अगं, मला भीती वाटतेय हं! आणि प्यावंसंही वाटतंय."

बायकोने दार लावले नाही. ती सरळ टेबलाखाली शिरली आणि त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, "सांगितलंत ना, बरं झालं. सरका जरा, माझं डोकं आपटतंय." बऱ्याच वेळाने दोघे बाहेर आले. मिस्त्रींनी सोबत्याला फोन केला, चहा घेतला आणि मला उचलून अर्धी राहिलेली फळी पुरी केली.

मित्रांनो, हत्यार गंजले म्हणून फेकू नका, ही माझी विनंती आहेच. पण दुसरी त्याहून मोठी आहे. तुमच्या ओळखीत कुणी दारूत बुडाले असेल, तर "का पितोस?" असे खडसावणारे त्याला पुष्कळ भेटतात. तुम्ही त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "कशाची भीती वाटते?"