सोडताना सांगायचं

आमच्या शाळेत पाच सायकली, एक पंप आणि भिंतीवर रंगवलेले दोन नियम आहेत. शंभरेक वर्षांपूर्वी एका सुईणीने ही शाळा काढली. बाळंतपणाला वेळेवर पोचता यावं म्हणून ती सायकल शिकली. लोकांनी मागून खडे मारले, तर तिने आणखी अकरा जणींना शिकवलं. बारा जणी बारा वाटांनी जायला लागल्यावर खडे मारणारे कुणाकुणाच्या मागे धावणार! आता शाळा आम्ही चालवतो. आम्ही म्हणजे औषधाच्या दुकानातल्या मावशी, त्या प्रमुख, आणि जिला सकाळचा तास सापडेल ती.

पहिला नियम असा की जी सगळ्यात शेवटी शिकली, तिनेच पुढचीला शिकवायचं, कारण पडायची भीती तिला अजून ताजी आठवत असते. दुसरा म्हणजे "धरलंय, धरलंय" असं खोटं सांगून मागून हात काढायचा नाही. सोडताना "सोडते" म्हणायचंच. सुईणबाई म्हणायच्या, बायकांना जन्मभर कुणी ना कुणी 'आम्ही आहोत ना' म्हणतं, आणि वळून पाहावं तर मागे चिटपाखरू नसतं. निदान इथे तरी तसं नको.

मी शिंपीण. वीस वर्षं मशीनचं पायडल मारलेलं, त्यामुळे गेल्या वर्षी पाच दिवसांत सायकल चालवायला लागले. याचा मला फार माज होता. तो उतरवायला देवाने पहिली विद्यार्थिनी म्हणून थेट माझ्या सासूबाईच धाडल्या.

सासूबाईंचं वय अडुसष्ट. त्यांची बालमैत्रीण नदीपलीकडे राहते. तिचे गुडघे गेलेत, ती घराबाहेर पडत नाही, आणि तिकडची बस बंद झालेली. आमचे हे दर आठवड्याला न चुकता म्हणतात, "आई, रविवारी नेतो." रविवार येतात आणि जातात.

"पाच महिने झाले," सासूबाई म्हणाल्या. "आता मी माझी जाईन."

सात आठवडे मी त्यांच्यामागे कॅरिअर धरून धावले. पण मी "सोडते" म्हटलं रे म्हटलं, की ब्रेक करकचून दाबलेला आणि दोन्ही पाय जमिनीवर. गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं. मुळात माझा स्वभाव तापट, गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा माप बदललं तरी डोकं फिरतं. आठव्या आठवड्यात एका सकाळी मला राहवलं नाही. "धरलंय आई, धरलंय!" म्हणत मी हात काढून घेतला.

आणि त्या गेल्या की! मैदानाच्या पार टोकापर्यंत, टाके घातल्यासारख्या सरळ. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या. आवाज लांबून आला, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. थांबल्या, उतरल्या आणि सायकल हातात धरून चालत परत आल्या.

"पण आई, चालवलीत ना तुम्ही!"

"मी कुठे? तू फसवून चालवून घेतलीस." त्यांनी सायकल स्टँडला लावली. "तो रविवारी नेतो म्हणतो, तू धरलंय म्हणतेस. त्याचं सोड, तुझ्यावर माझा भरवसा होता गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींनी पंप माझ्या हातात दिला. खोटं बोलणारीने आठवडाभर सगळ्या चाकांत हवा भरायची, ही शाळेची जुनी रीत. घरी सासूबाई माझ्याशी बोलायच्या, पण "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच. आपल्यामुळे ही बाई आता कधीच पूल ओलांडणार नाही, या विचाराने माझा हात मशीनवरही चालेना.

चौथ्या दिवशी मी दहाव्या चाकापाशी घामाघूम बसले होते, तेव्हा त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आई, माझं चुकलं."

"चुकलंच. ते चाक भर आणि ऊठ. आज तू तोंड उघडायचं नाहीस. मी सांगेन तेव्हा सोडायचं."

मी कॅरिअर धरलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण मी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या फेरीला मैदानाचं फाटक समोर आलं. वळतील असं वाटलं, पण त्या वळल्या नाहीत.

"सोड," त्या म्हणाल्या.

आता माझाच हात सुटेना.

"अगं, सोड म्हणते ना!"

मी सोडलं. त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि किल्लीवाल्याच्या दुकानावरून सरळ पुलाच्या दिशेने निघाल्या. मी गळ्यात माप घ्यायची टेप तशीच घेऊन मागे धावतेय, माझ्यामागे मावशी धापा टाकत ओरडतायत, "अगं, ब्रेक येतो ना त्यांना?"

"तोच तर येतो!" मी म्हटलं. सात आठवडे दुसरं केलं काय होतं त्यांनी! मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

पुलाच्या चढावर त्यांचा वेग मंदावला. सायकल डुगडुगली. वळून न पाहता त्यांनी मोठ्याने विचारलं, "धरलंयस का गं?"

मी चांगली वीस पावलं मागे होते. "हो" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "नाही, आई! कुणीच धरलेलं नाही!"

"बरं!" म्हणाल्या, घंटी वाजवली आणि पायडलवर जोर देत मैत्रिणीकडे निघून गेल्या.