दाबून तीस, खरे बारा

दवाखान्याच्या तळघरातल्या टेपवाल्याला आकडा गोल करून सांगायची सवय नव्हती. किती वाजले विचारलं, तर 'अकरा वाजून सतरा' म्हणणारा माणूस. सोमवारी बरोबर अकरा सतराला टेपच्या मशीननं पहिली टेप थुंकली आणि पडद्यावर लिहिलं: टेप भरली, बारा टेराबाइट.

टेपांवर उतरवायचा एकूण माल, म्हणजे जुने एक्सरे, साठ. उरले अठ्ठेचाळीस. हातात कोरी टेप एकच.

परवा चारला भंगाराची गाडी येणार होती. बारा वर्षांचे एक्सरे पोटात घेऊन बसलेलं जुनं मशीन ती चुरा करायला नेणार होती.

टेपवाला तडक स्टोअरमध्ये गेला. तिथला कारकून म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

"दोनच टेपा मागवल्यास?"

"दाजी, डबीवर ठळक तीस छापलंय. तीस दुणे साठ. माझं गणित कच्चं असेल, पण इतकं नाही."

"खाली बारीक अक्षरात बारा लिहिलंय. तीस म्हणजे दाबून."

"मग दाबा की!"

"अरे, रजई दाबली तर बॅगेत बसते. विटा दाबून काय होणार? एक्सरे काढतानाच मशीन त्यांना दाबून ठेवतं. त्यात हवाच उरत नाही."

मेहुण्यानं डबी हलवून पाहिली, जणू आतली हवा खुळखुळेल.

दोघं अधीक्षकांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नीट दाबलं नसेल. पुन्हा दाबा."

साहेबांच्या शब्दाखातर टेपवाल्यानं शंभर फोटोंचं एक गाठोडं पुन्हा दाबलं. ते दाबल्यावर जरासं फुगलं. गाठ मारलेल्या दोरीलाही जागा लागतेच.

"फुगलं?" साहेब चिडले. "तुम्ही उलटं दाबलंत!"

"साहेब, अजून तीन टेपा मागवू."

"मागवायच्या तर चूक झाली असं लिहावं लागेल. 'काम पूर्ण' असा अहवाल मी शुक्रवारीच वर पाठवलाय. बसेल तेवढं घ्या. जे पेशंट परत आले नाहीत, ते बरे झाले असणार. त्यांचे सोडा."

परत न येण्याचं दुसरंही एक कारण असतं, हे दवाखान्याच्या अधीक्षकांना कोण सांगणार?

टेपवाल्याची बायको दोन वर्षं तपासणीला आली नव्हती. तिच्या फुप्फुसावर एक डाग होता. तो वाढला की तेवढाच आहे, हे जुन्या फोटोंशी ताडूनच कळायचं. पुढच्या महिन्याची तारीख त्यानं हातापाया पडून तिच्याकडून कबूल करून घेतली होती. दुसऱ्या टेपवर सगळ्यात आधी त्यानं तिचे फोटो चढवले. सोडायच्या यादीत तिच्या खाली हजारो अनोळखी नावं होती. ती वाचताना त्याची मान खाली गेली.

बुधवारी चारला हमाल मशीनपाशी येऊन उभे राहिले. गेटपासवर 'सर्व उतरवले' असं छापलेलं होतं, खाली सहीची जागा.

"साठपैकी चोवीस उतरलेत," टेपवाला म्हणाला. "मी सही करणार नाही."

"नका करू," साहेब म्हणाले. "स्टोअरची सहीपण चालते." त्यांनी पेन मेहुण्यापुढे धरलं.

मेहुण्यानं पेन घेतलं. सही न करावी तर नोकरी जाणार. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "दाजी, ताईचे फोटो त्या चोवीसात आलेत ना?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द उच्चारला की मशीन गाडीत जाणार.

"नाही," तो म्हणाला.

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं गेटपासचे चार तुकडे केले आणि मशीनवर चढून मांडी घातली.

"उतर खाली!" साहेब ओरडले.

"आधी तीन टेपा आणा, मग उतरतो."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. माणसासकट मशीन उचलायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब दोघांच्या नोकरीचं काय करायचं ते बघतो म्हणत तरातरा वर गेले. मेहुणा मशीनवरून रडवेल्या आवाजात म्हणाला, "दाजी, माझ्यामुळे ताईचे गेले असते हो. तिला सांगू नका."

टेपवाला खाली बघत राहिला. खरं सांगावं, तर हा आत्ता उतरेल.